दोन घराण्यांचं वैर लिहायला बसताय? आधी माझा फसलेला खर्डा ऐका

किशोरांसाठी साहसकादंबरी म्हणजे दोन घराणी, साडेतीनशे वर्षांचं गुप्त वैर, तळघर, नकाशा आणि एक शपथ, असा माझा हिशेब होता. एकशे ऐंशी पानं लिहून झाल्यावर शेजारच्या सातवीतल्या मुलीला वाचायला दिली. दोन दिवसांत परत. म्हणाली, "काका, गावात हे कुणालाच कसं माहीत नाही? आमच्या गावी कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे ते एसटीच्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक असतं."

झालं, खर्डा आडवा.

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे वैर चव्हाट्यावरच असतं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, लग्नात टिळा-विडा आधी कुणाला, यावरून डोकी फुटलेली आहेत. हे सगळे मान वतनाच्या, म्हणजे पिढीजात हक्काच्या, पोटात यायचे. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, पाटिलकी १९६२च्या. पण मानाची खोड कायद्याने थोडीच जाते! तेव्हा नव्याने लिहिणाऱ्यांनो, वैर लपवू नका. लपतं ते वैराचं कारण. भांडणाऱ्यांनाच ते धड ठाऊक नसतं.

हे मला कळलं मोडी शिकताना. वर्गात एका महजराची प्रत वाचायला दिली होती. महजर म्हणजे गोतसभेने, म्हणजे गावच्या वतनदारांच्या बैठकीने, वतनाच्या तंट्यावर दिलेला निवाडा. मजकूर जेमतेम लागला, पण खालच्या निशाण्यांवर नजर खिळली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापल्या धंद्याची खूण काढलेली: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. एक नांगर घाईत काढल्यासारखा वाकडा. माझी खरी कादंबरी त्या वाकड्या नांगरातून निघाली. त्या माणसाने राजीखुशीने निशाणी केली, की कुणीतरी हात धरून करवली?

त्या काळी साक्षीपुराव्याने तंटा तुटला नाही तर दिव्य, म्हणजे देवावर हवाला ठेवून अंगावर घेतलेली परीक्षा. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहर, आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडून बघायचं. हात भाजला तर वतन गेलं. यापुढे तळघर काय चीज आहे! मी महजर एका वाड्यात ठेवला, दिव्याचा कागद दुसऱ्या वाड्यात. दोन्ही घरची मुलं अर्धंच सत्य घेऊन एकमेकांना शिव्या घालतात.

दुसरी चूक माझी, पण तुमच्या कामाची. मोडी कागदांत सन बहुधा अरबी भाषेतल्या संख्याशब्दांत असतो. ‘तिसा खमसैन अलफ’ म्हणजे १०५९. हा शुहूर सन, यात ५९९ मिळवायचे की १६५८-५९ येतं. मी त्याला फसली, म्हणजे महसुली सन, समजून ५९० मिळवले, आणि आठ वर्षांचा पोर निशाणी करायला बसला तो जन्मायच्या आतच.

खरं उदाहरण हवं असेल तर रोहिड खोऱ्यातले कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे बघा. देशमुखीवरून दोन्ही घरांत जुना उभा दावा. १६५९मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेधे मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले, खंडोजी खोपडे खानाकडे गेला. खान मारला गेल्यावर खंडोजीच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनी! जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला. असं वळण मी मनाने रचलं असतं तर संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवलं असतं. दुश्मनाला निव्वळ दुष्ट करायचा मोह मला यानंतर झाला नाही.

आडनावं मात्र बनवून घ्या. आपल्याकडे आडनावं जिवंत असतात, आणि फोन थेट लेखकाला येतो. (मोडी पूर्ण यायला हवी असं नाही, अक्षर ओळखण्याइतकी पुरे, उरलेलं जाणकाराला विचारावं.)

दुसरा खर्डा त्या मुलीने चार दिवस ठेवला. परत देताना विचारलं, "हात भाजलेल्या त्या पाटलाने नंतर नांगर कसा धरला?"

ते प्रकरण सध्या लिहितोय.