थंडीत कुंडीला पाणी कधी द्यायचं? उचलून बघा

थंडीत घरातली झाडं गारठ्यापेक्षा जास्त पाण्यानेच मरतात. वाढ मंदावते, माती वाळायला वेळ लागतो, आणि आपण उन्हाळ्याच्याच सवयीने पाणी घालत राहतो.

१. एकदा भरपूर पाणी घाला. सगळं निथळलं की कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या.
२. कुंडी चांगली हलकी लागेपर्यंत पुन्हा पाणी नाही. उचलत नसेल तर आइस्क्रीमची काडी दोन इंच खोल खुपसा. ओली माती चिकटून आली तर आज राहू द्या.
३. पाणी सकाळी द्या, बर्फगार नको. बशीत साचलेलं ओतून टाका.

स्नेक प्लांट, कोरफड यांची माती पूर्ण वाळू द्या, महिनाभर पाणी नसलं तरी ती तग धरतात. फर्न आणि पीस लिलीला एवढं कोरडं चालत नाही.

थंडी सौम्य असेल तिथे पाणी थोडंच कमी करावं लागतं. बर्फ पडतो तिथली गोष्ट वेगळी. हीटरमुळे हवा कोरडी होऊन पानांची टोकं करपतात, आणि हात लगेच झारीकडे जातो. तसं करू नका. कुंडी हीटरपासून लांब सरकवा, पानं खिडकीच्या गार काचेला टेकू देऊ नका. बाल्कनीतली मनीप्लांटसारखी झाडं रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायच्या आत घरात घ्या.

एक सावधगिरी: माती ओली असूनही पानं मलूल दिसली तर ती तहान नव्हे, मुळं कुजत असण्याची शक्यता जास्त. तेव्हा पाणी आणि खत दोन्ही बंद.