गृहपाठ न करणारा क्लायंट: कार्यकारी क्षमतांच्या अडचणींवर सत्रात काम कसे करावे

समुपदेशनाची नेहमीची रीत काही गोष्टी गृहीत धरूनच चालते. क्लायंट ठरलेल्या वेळी येईल, मागच्या सत्रात काय ठरले ते त्याच्या लक्षात असेल, दिलेला गृहपाठ तो आठवणीने करील आणि अडचण आली तर आपणहून कळवील. ज्या क्षमता कमी पडतात म्हणून काही माणसे आपल्याकडे येतात, नेमक्या त्याच या प्रत्येक गोष्टीला लागतात. अशा माणसाने तीन-चार वेळा कोरी वही आणली की टिपणात ‘प्रेरणेचा अभाव’ असे लिहून आपण मोकळे होतो. हे शब्द लिहिण्यापूर्वी सत्राची रचना बदलून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळदा बदल तिथेच हवा असतो.

कार्यकारी क्षमतांचा गाभा तीन गोष्टींचा मानला जातो. मनात येईल ते लगेच न करता स्वतःला आवरणे, हातातले काम होईपर्यंत माहिती डोक्यात धरून ठेवणारी कार्यरत स्मृती आणि परिस्थिती बदलली की विचारांचा मार्ग बदलण्याची लवचिकता. मानसशास्त्रज्ञ अडेल डायमंड यांनी २०१३ मधील आढाव्यात हीच मांडणी केली आहे. नियोजन, कामाला सुरुवात करणे, वेळेचा अंदाज घेणे ही रोजची कौशल्ये या गाभ्यावर उभी राहतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे लहानपणापासून जड जाणारा विकार; त्याचे अभ्यासक रसेल बार्कली यांचा आग्रह असा, की तो असलेल्या माणसांना काय करावे हे ठाऊक असते, अडते ते जे ठाऊक आहे ते वेळेवर करण्यात. म्हणून मदतही ते काम जिथे आणि जेव्हा करायचे असते तिथेच ठेवावी लागते. कळते पण वळत नाही, अशा माणसाला पुन्हा एकदा समजावून सांगण्यात सत्र घालवले, तर त्याच्या पदरात आणखी एक उपदेश पडतो, एवढेच.

काम सुरू करण्याआधी कारणांची चाचपणी करावी. हीच लक्षणे नैराश्यात, अतिचिंतेत, अपुऱ्या झोपेत, घोरण्याशी संबंधित श्वासाच्या विकारात, थायरॉइडच्या बिघाडात, बी-१२ च्या कमतरतेत, दारूच्या सवयीत, डोक्याला मार लागल्यानंतर आणि रजोनिवृत्तीच्या आसपासही दिसतात. पूर्वी सगळे व्यवस्थित सांभाळणाऱ्या माणसात, विशेषतः उतारवयात, हा बदल अचानक दिसू लागला असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. एडीएचडीची शंका असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची एएसआरएस चाळणी उपयोगी पडते, परंतु ती निदान नव्हे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या निकषग्रंथानुसार एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात आणि ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. त्यामुळे जुनी प्रगतिपुस्तके घरी असतील तर मागवावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा वर्गशिक्षकांचा शेरा इयत्ता दुसरीपासून दहावीपर्यंत सलग सापडला, तर तो फार बोलका पुरावा असतो. औषधाचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. मात्र औषध चालू असले तरी कौशल्यांचे काम थांबवू नये. स्टीव्हन सॅफ्रेन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या प्रौढांना संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा) शिथिलीकरणाच्या, म्हणजे ताण सैल करण्याच्या, प्रशिक्षणापेक्षा अधिक फायदा झाला होता आणि त्या उपचाराची सुरुवातच कॅलेंडर व कामांची यादी वापरायला शिकवण्यापासून होते.

आता प्रत्यक्ष सत्र. आदल्या संध्याकाळी आणि सत्राच्या दोन तास आधी व्हॉट्सॲपवर आठवण पाठवावी. असे केल्याने माणूस परावलंबी होतो, ही भीती मला अनाठायी वाटते. सत्राची सुरुवात ‘या आठवड्यात काय झाले?’ अशा मोकळ्या प्रश्नाने करू नये, कारण आठवडा आठवून त्यातले महत्त्वाचे निवडणे हेच त्याला जड जाते. मागच्या वेळचा कागद समोर ठेवून त्यावरूनच बोलणे सुरू करावे. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्यात क्लायंटने स्वतःच्या हाताने एकच काम लिहावे, त्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढावा.

गृहपाठ झाला नसेल तेव्हाचे संभाषण सर्वांत महत्त्वाचे. ‘का केले नाही?’ या प्रश्नाला लहानपणापासून त्याच्याकडे एकच उत्तर तयार असते: ‘मी आहेच आळशी.’ त्याऐवजी ‘नेमके कुठे अडले, ते आपण दोघे मिळून शोधू या,’ असे म्हणून त्या दिवसाचा माग काढावा. समजा, एका तरुणाचे आयकराचे विवरणपत्र भरायचे राहिले आहे आणि मुदत जवळ आली आहे. ते आठवलेच नाही, आठवले पण सुरुवात कुठून करावी हे कळेना, संगणक उघडला आणि दुसऱ्याच कशात तास गेला, की आकडे पाहायचीच धास्ती वाटली, या चार वाटा वेगवेगळ्या आहेत. पहिलीला डोळ्यांसमोर राहणारी खूण लागते, दुसरीला कामाचे तुकडे, तिसरीला मोह दूर ठेवण्याची व्यवस्था. चौथीत मात्र नेहमीचे भावनिक काम करावे लागते आणि तिथे कितीही सुंदर वेळापत्रक दिले तरी उपयोग होत नाही. वाट दुसरी निघाली, तर ‘विवरणपत्र भरणे’ हे काम म्हणून लिहूच नये. ‘कंपनीने पाठवलेल्या फॉर्म १६ ची ई-मेल शोधणे’ हे काम आहे, आणि ते सत्रातच, आपल्यासमोर, त्याच्याच फोनवर करून घ्यावे. दोन मिनिटांत ती ई-मेल सापडली, की पुढची पायरी तो बहुधा स्वतःच सुचवतो.

पुढचे काम ठरवताना वेळ आणि जागा एखाद्या आधीच पक्क्या असलेल्या सवयीला जोडावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झाले की तमुक करीन’ या स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला, त्याचा उपयोग इथे चांगला होतो. ‘रोज वेळेवर गोळी घेईन’ यापेक्षा ‘सकाळच्या चहाचा कप ओट्यावर ठेवला की शेजारची डबी उघडीन’ हे वाक्य टिकते, अर्थात डबी खरोखरच ओट्यावर असेल तर. नवे ॲप घ्यायला लावण्याची घाई करू नये. भिंतीवरच्या ज्या कालनिर्णयवर घरातले दुधाचे खाडे लिहिले जातात, त्यावर सर्वांची नजर रोज जातेच. फीची तारीखही तिथेच लिहावी. वेळेच्या अंदाजासाठी काम करण्याआधी अंदाजे मिनिटे आणि नंतर खरी मिनिटे शेजारी लिहायला सांगावीत, त्यावर भाष्य करू नये. तफावत त्याची त्याला दिसते.

एकट्याने काम सुरूच होत नसेल, तर कोणाच्या तरी सोबत बसून करावे. स्पर्धा परीक्षांची मुले घरी टेबल असूनही पैसे भरून अभ्यासिकेत का जातात, हे आठवले की ही युक्ती क्लायंटला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. व्हिडिओ कॉल लावून दोघांनी आपापले काम मुकाट्याने केले तरी चालते.

घरच्यांचा विषय नाजूक असतो. आठवण करून देणे आई किंवा बायकोवर पडते आणि आठवड्याभरात तिची किटकिट होते. म्हणून कोणती आठवण, किती वाजता, किती वेळा आणि कोणत्या शब्दांत करायची, हे दोघांना एकत्र बसवून ठरवून द्यावे आणि ठरलेल्या एका आठवणीनंतर तिने सोडून द्यावे. क्लायंट स्त्री असेल, तर डबे, सिलिंडर, मुलांची फी, सासूबाईंची तपासणी हे सगळे तीच एकटी डोक्यात वाहत असते आणि तिच्यासाठी आठवण ठेवणारे घरात कोणी नसते, हे ध्यानात घ्यावे. तिच्या यादीतली काही कामे शिकवण्याऐवजी काढून घेण्याची गरज असते, आणि हे कुटुंबाला सांगण्याचे काम आपले आहे.

बसवलेली प्रत्येक पद्धत काही आठवड्यांनी जुनी होते आणि मोडते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे आणि ती मोडल्यावर पहिली पायरी कोणती, तेही कागदावर लिहून ठेवावे. सत्रे संपवताना अंतर हळूहळू वाढवावे: पंधरा दिवस, महिना, तीन महिने. ‘गरज वाटली तर फोन करा’ यावर मात्र विसंबू नये, कारण तो फोन करणे हेही कामच आहे. तीन महिन्यांनंतरच्या सत्राची तारीख आपल्यासमोर त्याच्या फोनमध्ये नोंदवून घ्यावी आणि तीच आपल्याही वहीत लिहावी.