रविवारी आमरस-पुरी, सोळा पानं

मे महिन्यातला एक रविवार आमच्याकडे ठरलेला असतो. दोन्ही नणंदा मुलांना घेऊन येतात, दीर-जाऊ येतात आणि सगळी मिळून सोळा पानं होतात. बेत आमरस-पुरीचा. पुण्यातलं मे महिन्याचं ऊन आणि समोर तापलेली कढई, हे काय असतं ते तिथे उभं राहणाऱ्यालाच कळतं. आमच्या सासूबाई कितीतरी वर्षं शेवटच्या पंगतीला बसल्या, गार झालेल्या पुऱ्या आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला रस घेऊन. आता त्या पहिल्या पंगतीला बसल्याच पाहिजेत. ही यादी मी त्यासाठीच करते.

सुरुवात आंब्यांपासून, तीही आठ दिवस आधी. पिकलेला आंबा ऐन वेळी घेतला तर महाग पडतो आणि दबलेला निघतो. म्हणून हिरवा घ्यायचा आणि घरी पेंढ्यात अढी घालायची. सोळा जणांना साडेतीन डझन लागतात. तीन डझनांचा रस माणशी दोन वाट्या सहज होतो, वरचे सहा आंबे साक्यासाठी, म्हणजे आतला गर पांढरा पडून खराब निघणाऱ्या आंब्यांच्या बदली धरायचे. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत पांढरा साका निघेल का, हे कापल्याशिवाय समजत नाही. पेटीवर देवगड किंवा रत्नागिरी लिहिलेलं असलं तरी विक्रेत्याला स्पष्ट विचारा. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कर्नाटकातला आंबाही तशाच पेटीतून येतो. तो घ्यायला हरकत नाही, मात्र पैसे कर्नाटकी आंब्याच्याच भावाने द्यावेत. माझं विचाराल तर रसाला निम्मी पायरी घाला. नुसत्या हापूसचा रस फार दाट होतो, पायरीने तो सैल आणि रसाळ होतो. एक दिवसाआड अढी उघडून आंबे पालटा आणि डागी फळ लगेच बाजूला काढा.

बुधवारी गॅस बघायचा. भरलेला सिलिंडर घरात हवाच, कारण तो नेमका पुऱ्या तळताना संपतो. दीड-दोन लिटर तेल, दोन किलो कणीक, कुरडया, पापड, गूळ, कैऱ्या हे सगळं तेव्हाच आणून ठेवायचं. माठ स्वच्छ घासून त्यात वाळा टाकायचा.

शुक्रवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजवा, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. या दिवसांत मोड दहा-बारा तासांत येतात. आले की लगेच फ्रिजमध्ये. एका वर्षी मी पुरचुंडी रात्रभर ओट्यावरच ठेवली. सकाळी आंबट वास आला आणि सगळी मटकी टाकून द्यावी लागली. पन्ह्यासाठी कैऱ्या शनिवारीच उकडून त्यांचा गर गूळ, वेलची आणि मिठासह एकजीव करून ठेवा. पाहुणे आले की गार पाण्यात घातला की झालं. अडीच किलो बटाटे रात्रीच उकडून ठेवा, कुरडया-पापडही रात्रीच तळून हवाबंद डब्यात भरा. कुरडया आधी, पुऱ्या नंतर हा क्रम मोडू नका. पुऱ्यांचं पीठ तेलात उतरलं की ते जळून कुरडयांवर काळे ठिपके येतात. आंब्याच्या डाळीसाठी अर्धा किलो हरभराडाळ रविवारी पहाटे भिजवा, पण वाटा मात्र अगदी शेवटी. वाटलेली डाळ उन्हाळ्यात लवकर उतरते.

रविवारी साडेपाचला उठायचं. आंबे रात्रीच पाण्यात घालून ठेवलेले असतात, रस सकाळच्या गारव्यात काढायचा. हे काम मी हातानेच करते आणि घाई अजिबात करत नाही. आंबा हलक्या हाताने घोळून मऊ करायचा, देठ काढून पहिले दोन-चार थेंब चीक पिळून टाकायचा, मग गर थेट मोठ्या पातेल्यात न घालता एका वाडग्यात काढायचा. बघायचा, चाखायचा आणि मगच पातेल्यात ओतायचा. एक आंबट किंवा उतरलेला आंबा सगळा रस बिघडवतो. कोयी धुऊन त्या पाण्यावर रस हवा तेवढा सैल करा. चिमूटभर मीठ घाला, साखर चाखल्याशिवाय नको. दूध मी घालत नाही, तूप आणि मिरपूड पानावर ज्याची त्याने घ्यावी. झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा तो पानं मांडेपर्यंत बाहेर काढायचा नाही.

नऊपर्यंत बटाट्याची भाजी, उसळ आणि वरण उरकायचं. भात तीन वाट्या तांदळाचा पुरे, रसापुढे भाताला कोण विचारतं! कणीक साडेअकराला, त्याआधी नाही. थोडा रवा, चिमूटभर साखर, गरम तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची आणि वीस मिनिटांत लाटायला घ्यायची. जास्त वेळ राहिली की सैलावते आणि पुऱ्या तेल पितात. एकशेवीसच्या आसपास पुऱ्या होतात.

आता माणसं. तळताना पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एकच माणूस अर्ध्या तासाहून जास्त कढईसमोर राहणार नाही, हे आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवते. पहिली पाळी दिराची, दुसरी माझी, तिसरी धाकट्या नणंदेच्या यजमानांची. शेजारी मीठ-जिऱ्याच्या ताकाचा तांब्या आणि ओला पंचा. सुती कपडे, केस बांधलेले, पोरं स्वयंपाकघराबाहेर. दुसऱ्या पंगतीचा रस आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवायचा, म्हणजे वाढणाऱ्याचा हात आखडत नाही.

बरोबर साडेबाराला आईंचा पाट मांडायचा. त्या हमखास म्हणतात, “तुम्ही बसा गं, मी दोन घाणे काढते.” तेव्हा मोठ्या नणंदेने त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवायचं. हे काम तिचंच, माझं त्या ऐकत नाहीत. पहिली टम्म फुगलेली पुरी त्यांच्याच पानात.

आणि गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं, पाण्याची बादली आणि दोन जुने टॉवेल. मुलांसाठी चार आंबे न पिळता राखलेले असतात, त्यांच्या कोयी चोखायला ती सगळी तिथेच बसतात.