विमानांचे फोटो काढायला शिकताय? पुण्यात सुरुवात टेकडीवरून करा

पुण्यात या छंदाची पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते, जागेची असते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानं तीच धावपट्टी वापरतात, एवढंच. त्यामुळे तळाच्या भिंतीलगत, विमाननगर-धानोरीच्या रस्त्यांवर मोठी लेन्स काढून उभं राहू नका. विमानात बसल्यावर खिडकीतूनही तिथलं काही टिपू नका. डोक्यावरून सुखोई गेलं तर मान वर करून मनसोक्त बघा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. संरक्षण तळाचे फोटो काढणं कायद्याच्या कचाट्यात सापडणारं काम आहे आणि 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

शिकायला धावपट्टी लागतही नाही. लागते ती हलत्या गोष्टीमागे कॅमेरा एका लयीत फिरवायची सवय, म्हणजे पॅनिंग. त्यासाठी घारीसारखा गुरू नाही. सकाळी ऊन चढून हवा तापली की पर्वती, तळजाई, वेताळ टेकडीवर घारी घिरट्या घालू लागतात. घार मधेच वळते, विमान वळत नाही. घार जमली की विमान सोपं वाटतं. उभं राहताना पाय तिकडे रोखा जिथे शेवटचा फोटो घ्यायचाय, आणि कंबरेतून मागे वळून सुरुवात करा. डावं कोपर बरगडीला टेकलेलं हवं. बटण दाबण्याआधी दोन-तीन सेकंद पाठलाग करा आणि दाबल्यावरही लगेच थांबू नका. नवशिक्यांचे बरेचसे फोटो बटण दाबताक्षणी हात थबकल्यानं हलतात.

लेन्स ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची पुरे, सेकंडहँड मिळाली तर उत्तम. हिशेब सोपा आहे. एअरबस ए३२० सुमारे साडेसदतीस मीटर लांब असतं. ३०० मिमीला, १ किलोमीटरवरून ते सेन्सरवर ११ मिमीच्या आसपास उमटतं, म्हणजे एपीएस-सी (सुमारे २३ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जवळपास अर्धी चौकट. २ किलोमीटरवर पाव चौकट. तिथून पुढे महागडी लेन्ससुद्धा फार काही करत नाही, कारण मधली हवाच फोटो खराब करते.

सेटिंग: शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा, अपर्चर कॅमेरा ठरवतो), अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास राहील असा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), सलग फोकस (कॅनॉनवर एआय सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी), बर्स्ट (बटण दाबून ठेवल्यावर लागोपाठ फोटो), रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल). फोकसचा एकच बिंदू न ठेवता छोटा गट ठेवा. कोऱ्या करड्या आभाळात फोकस भरकटतो. विमान येण्याआधी तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या इमारतीवर फोकस करून ठेवलं की भटकंती कमी होते. ढगाळ पांढऱ्या आभाळात कॅमेरा फसतो आणि विमान काळं पडतं, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७ ते +१ करा. निळ्या आभाळात उन्हातलं पांढरं विमान असेल तर शून्य किंवा -०.३.

आता शटर. जेटला १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, त्यात डोकं चालवायला फारसं काही नाही. खरी गंमत पंख्याच्या विमानात आहे. एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश फिरतं. फोटोत पंखा थिजलेला दिसतो आणि विमान आभाळात टांगल्यासारखं वाटतं. १/२०० ला तेच पातं ३६ अंश फिरतं. सहा पात्यांमधलं अंतर ६० अंशांचं, त्यामुळे निम्म्याहून जास्त जागा धूसर होते आणि पंखा फिरतोय असं दिसतं. १/१०० ला पूर्ण चकती मिळते, पण त्यासाठी पॅनिंग पक्कं हवं. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा याहून बराच संथ, त्याला १/१२५ किंवा १/६० वर यावं लागतं. १/५०० पासून सुरू करा, दहातले सात फोटो धारदार येऊ लागले की एक पायरी खाली. बारामतीकडे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात, ती या सरावाला चांगली.

घरी आल्यावर फोटो पडद्यावर १०० टक्के मोठा करून नोंदणी क्रमांकाची अक्षरं बघा. अक्षरं एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली तर पॅनिंगचा वेग चुकला. नाक धारदार आणि शेपटी पुसट असेल तर विमान तिरकं जात होतं, शटर आणखी जलद करा. सगळंच सारखं मऊ असेल तर फोकस चुकला. आणि खिडक्यांची सरळ रांग लाटेसारखी वाकडी, तीही प्रत्येक फोटोत वेगळी, तर दोष तापलेल्या हवेचा. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये कितीही धार चढवा, काही सुधारत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जायचं ते म्हणूनच. आभाळात त्याच त्या जागी राखाडी ठिपके येत असतील तर ती सेन्सरवरची धूळ; एफ/१६ ला निळ्या आभाळाचा फोटो काढला की सगळे ठिपके उघडे पडतात.

उजेड पाठीशी हवा, हे सगळेच सांगतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि विमानाचं पोट काळंकुट्ट दिसतं. पाऊस सरल्यानंतरचा, धूळ धुतलेला ऑक्टोबर सगळ्यात चांगला.

हात बसला की मुंबई गाठा. तिथे मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा बहुतेकदा समुद्राकडून, म्हणून विमानं बव्हंशी घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूनं उतरतात. सार्वजनिक रस्त्यावर, भिंतीपासून लांब उभे राहा. पोलिसांनी हटकलं तर हुज्जत न घालता निघा. उतरणाऱ्या विमानाचं नाक थोडं वरच असतं, म्हणून फोटो विमानाला धरून 'सरळ' करू नका, मागच्या इमारतींच्या उभ्या कडांवर सरळ करा.

पुण्यात गच्चीवरून करण्यासारखा प्रयोग चंद्राचा. ३५,००० फुटांवरचं विमान ४५ अंशांवरच्या चंद्रासमोरून गेलं तर ते आपल्यापासून सुमारे १५ किलोमीटर असतं आणि ए३२० चंद्राच्या व्यासाच्या पाव भागाहून किंचित मोठं दिसतं. चंद्र ओलांडायला त्याला लागतो अर्धा सेकंद. फ्लाइटरडार२४ या विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या ॲपवर मार्ग बघून ट्रायपॉड लावा. पौर्णिमेच्या आसपास एफ/८, आयएसओ ८००, १/१६००. फोकस चंद्रावर करून मॅन्युअल करून टाका. दिवे चंद्राच्या कडेपासून दोन बोटं लांब असतानाच बर्स्ट सुरू करा. सेकंदाला १० फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात कामाचे जेमतेम पाच येतात, आणि कार्ड संथ असेल तर नेमके तेच निसटतात.