ट्रॅकवरच्या गाडीचे होज कसे तपासावे आणि बदलावे

ट्रॅकवर गाडी पळवणारे टायरवर हात सैल सोडतात. होजची, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, तेल, इंधन आणि ब्रेकचं तेल वाहणाऱ्या लवचीक नळ्यांची, आठवण येते ती गळती झाल्यावर. तोवर तेल चाकाखाली आलेलं असतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मग एकेक होज बोटांनी दाबत जा, क्लॅम्पच्या लगत जरा जास्त वेळ. तिथलं रबर फुगलेलं, लिबलिबीत किंवा चिरलेलं लागलं तर होज बदलाच, क्लॅम्प आवळून भागत नाही. वाळलेल्या कूलंटची पुटं दिसली तर बारीक गळती आहेच.

नव्या होजमधून काय वाहणार ते बघून तो घ्या. कूलंटच्या होजचं ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर तेलात फुगतं. साधा सिलिकॉन होज कूलंटला उत्तम, पण पेट्रोलला आणि इंजिन ऑइलला चालत नाही. शिवाय तो मऊ असतो. खाचांच्या पट्टीचा क्लॅम्प त्याला कापतो, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीचा घ्या. इथेनॉल असलेल्या इंधनाला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) होज सर्वांत निर्धोक, मात्र त्याची फिटिंग वेगळी येतात.

स्टीलच्या जाळीने मढवलेल्या होजवर एएन फिटिंग, म्हणजे ठरावीक मापांचे आट्यांचे जोड, बसतात. त्यांचा आकडा सोळांश इंचांत असतो: ६ नंबर म्हणजे ३/८ इंच. आतली शंकूची बैठक ३७ अंशांची. ४५ अंशांचं फिटिंग आट्यांत बसलं तरी गळतं. टेफ्लॉन टेप लावू नका, सील शंकूवर होतं, आट्यांवर नाही.

कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळून मधोमध कापा, म्हणजे जाळीचे तार फिसकटत नाहीत. होज हवेने फुंकून साफ करा. आत राहिलेला कण थेट बेअरिंगपर्यंत जातो. रबरी होज फिटिंगच्या सॉकेटमध्ये (बाहेरच्या कपात) घालून कडेला खूण करा, आट्यांना तेल लावा आणि फिटिंग आवळा. खूण मागे सरकली तर पुन्हा जोडा.

खरी कसोटी होज कुठून नेता याची. स्टीलची जाळी कानशीसारखी घासते. वायर आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाते. रबर लावलेल्या क्लिपांनी बांधा, एक्झॉस्टजवळ उष्णतारोधक बाही चढवा, आणि इंजिन माउंटवर हलतं तेवढी ढील ठेवा. ब्रेकचा होज बसवल्यावर चाक लोंबतं असताना आणि सस्पेन्शन पूर्ण दबलेलं असताना स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा: होज ताणला, पिळला किंवा टायरला टेकला तर मार्ग बदला. बँजो बोल्टला (ब्रेकचा होज जोडणारा आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच घाला, मग ब्रेकच्या तेलातली हवा काढा.

पहिल्या फेऱ्यांनंतर गाडी गार झाली की प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला निघाला तर त्या दिवशी गाडी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नका.