एक्झिमाच्या पेशंटमध्ये आयजीईचे, म्हणजे अॅलर्जीवाल्या अँटिबॉडीचे, व्ही जीन मोजायचेत? मग आधी हे बघा

अँटिबॉडीची हेवी चेन व्ही, डी, जे असे तुकडे जोडून बनते, हे तुकडे १४ नंबरच्या क्रोमोसोमवर असतात, व्ही जीनच्या फॅमिली ७. अॅलर्जिक एक्झिमावाल्यांच्या बी सेल्स (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) यातली कुठली जास्त वापरतात, एवढंच आपल्याला मोजायचंय.

पहिली गडबड सेल सॉर्ट करतानाच होते. सेलवर आयजीई दिसलं म्हणजे ती ते बनवतेच असं नाही बरं का, बी सेलवर सीडी२३ नावाचा रिसेप्टर असतो आणि तो रक्तातलं आयतं आयजीई धरून ठेवतो, त्यात एक्झिमात ते बऱ्याचदा वाढलेलं असतं. म्हणून सेल स्वतः काय बनवते ते सांगणारा आरएनए काढा आणि प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) एप्सिलॉन भागावर, म्हणजे फक्त आयजीईतच असणाऱ्या भागावर, लावा. खरी आयजीईवाली सेल रक्तात फार कमी सापडते, तेव्हा सॅम्पलमध्ये कंजुषी नको. व्हीच्या बाजूला फॅमिलीनुसार प्रायमर लावले तर काही जास्त चालतात काही कमी, आणि मग तुम्ही प्रायमरचीच आवड मोजत बसता, जमलं तर फाइव्ह प्राइम रेस करा (यात व्हीच्या बाजूला फॅमिलीचा प्रायमर लागतच नाही) आणि आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनए कॉपी, बनवतानाच युएमआय (प्रत्येक रेणूचा वेगळा बारकोड) टाका.

सिक्वेन्स आले की आयजीब्लास्टमधून (कुठला व्ही, डी, जे आहे ते ओळखणारं सॉफ्टवेअर) काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं, रीड (मशीनने वाचलेला एकेक सिक्वेन्स) मोजू नका, क्लोन (एकाच मूळ बी सेलची पिल्लावळ) मोजा!! एका प्लाझ्मा सेलमध्ये (भरपूर अँटिबॉडी सोडणारी बी सेल) एमआरएनए इतका असतो की ती एकटीच अख्खा ग्राफ खाते. व्ही सारखा, जे सारखा, सीडीआर३ची (व्ही, डी, जे जुळतात तो भाग) लांबी सारखी आणि सिक्वेन्स जवळपास तोच, तर तो एकच क्लोन, मोजायचा एकदाच.

तुलना त्याच माणसाच्या आयजीएमशी (बी सेल आधी बनवते ती अँटिबॉडी) करा, कारण काही व्ही जीन काही लोकांत मुळातच नसतात. व्हीएच३ (व्ही जीनची ३ नंबरची फॅमिली) वर आला म्हणून लगेच नाचू नका, ती सगळ्यात मोठी फॅमिली आहे, निरोगी माणसातही तीच वर असते. शिवाय एक्झिमाच्या त्वचेवर स्टॅफ ऑरियस हा बॅक्टेरिया ठाण मांडून असतो, त्याचं प्रोटीन ए व्हीएच३वाल्या अँटिबॉडीला थेट चिकटतं, अॅलर्जनचा संबंध नसतानाही. व्हीएच५चं उलटं, फॅमिली एवढीशी, आणि दमेकऱ्यांच्या आयजीईत ती जास्त दिसल्याचे जुने पेपर आहेत, त्यामुळे सगळे तिलाच शोधत बसतात. पण १० क्लोनमध्ये ३ सापडले तर त्याला ३० टक्के म्हणू नका, ३ च म्हणा.

पेशंट ड्युपिलुमॅबवर (एक्झिमाचं एक औषध) आहे का तेही लिहून ठेवा, ते आयएल-४ आणि आयएल-१३ या पेशींना निरोप देणाऱ्या दोन प्रोटीनचा सिग्नल अडवतं आणि बी सेलला दुसऱ्या अँटिबॉडीवरून आयजीईकडे स्विच व्हायला तोच सिग्नल लागतो. आणि हो, म्युटेशन मोजणार असाल तर प्रायमर बसलेला भाग आधी कापून टाका, तिथला सिक्वेन्स प्रायमरचा असतो, पेशंटचा नाही.