ट्रॅप बीट कशी बनवावी: आधी ८०८ सुरात लावा

अटलांटाच्या ट्रॅपचा, म्हणजे तिथल्या रॅप संगीताच्या एका प्रकाराचा, जीव त्याच्या खर्जात आहे. हा खर्ज मुळात रोलंडच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ड्रम मशीनमधली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. तो ठोका लांबवला की घुमत राहतो आणि तोच बेस होतो. या बेसलाच ८०८ म्हणतात. आज ते मशीन लागत नाही. त्याचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, एफएल स्टुडिओ, एबलटन अशा संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये, अगदी फुकटच्या बँडलॅबमध्येही वाजतात.

टेम्पो मिनिटाला १४० ठोके ठेवा. एका बारचे, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाचे, १६ खाने धरा आणि क्लॅप, म्हणजे टाळीचा आवाज, फक्त नवव्या खान्यात टाका. त्यामुळे चाल ७० ची वाटते आणि रॅपरला शब्द मांडायला ऐसपैस जागा मिळते. किक पहिल्या, सातव्या आणि अकराव्या खान्यात ठेवून पाहा. हाय-हॅट, म्हणजे छोट्या झांजेचा आवाज, एकाआड एक खान्यात भरा. मग एखाद-दुसऱ्या ठिकाणी दोन खान्यांत तीन किंवा चार ठोके बसवून रोल करा. सगळे ठोके सारख्या जोराचे ठेवू नका, नाहीतर शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं.

आता ८०८. इथे घाई करू नका. सॅम्पल सॅम्पलरमध्ये, म्हणजे तो वेगवेगळ्या सुरांत वाजवणाऱ्या साधनात, घ्या. सूर दाखवणारा ट्यूनर लावून त्याचा मूळ सूर शोधा आणि सॅम्पलरला तोच रूट नोट म्हणून द्या. हे राहिलं तर पट्टीवर एफ दाबाल आणि वाजेल भलतंच. खर्जातला बेसूरपणा पटकन कानाला कळत नाही, नुसतं काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. मग माणूस उगाच मेलडी बदलत बसतो. बेसच्या नोट मेलडीच्याच स्केलमधल्या घ्या. साधारण ४१ ते ५५ हर्ट्झ, म्हणजे खालच्या ई ते ए या पट्ट्यात ८०८ छान घुमतो. सॅम्पलर मोनोवर ठेवा, म्हणजे नवी नोट आली की जुनी थांबते. ग्लाइड चालू केलं की दोन नोटांमध्ये मींड मिळते. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा वर नेतात ना, अगदी तसं.

मोबाइलच्या स्पीकरला ४४ हर्ट्झ वाजवताच येत नाही. म्हणून ८०८ वर थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे आवाज किंचित फाटू द्या. त्याने ८८, १३२ हर्ट्झचे उपस्वर उमटतात आणि त्यांवरून कान खालचा सूर ओळखतो.

किक वेगळी घेतली असेल तर ती आखूड ठेवा आणि तिच्या ठोक्यापुरता ८०८ साइडचेनने, म्हणजे एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा कमी करणाऱ्या सोयीने, खाली दाबा. मेलडीतला १५० हर्ट्झखालचा भाग कापा. मास्टरचा, म्हणजे सगळ्या एकत्र आवाजाचा, मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.